तक्रार कोणाकडे करायची? : प्रस्तावना

कोणत्याही मराठी दैनिकाच्या शेवटच्या पानावर तळाशी, सगळ्यात बारीक टायपात, काही मजकूर रोज छापलेला असतो. मालक कोण, मुद्रक-प्रकाशक कोण, छपाई कुठे झाली, अंक कुठून प्रसिद्ध झाला. आणि संपादकाच्या नावाला जोडून, नोंदणी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी त्यांची, असा खुलासा. वाचक सहसा तिथवर पोचत नाही. पण एखाद्या खोट्या बातमीने ज्याची अब्रू गेली आहे, त्याच्यासाठी अख्ख्या अंकात याहून महत्त्वाचा मजकूर नसतो. नोटीस कोणाच्या नावे धाडायची, हे त्याला तिथे कळते. ही पद्धत १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्याने घालून दिली. स्वातंत्र्यानंतर तिला 'फॉर्म ४'ची जोड मिळाली. फेब्रुवारी संपला की पुढच्या पहिल्या अंकात हा तक्ता छापायचा आणि त्यात एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या भागधारकांची नावे द्यायची. १८६७ चा कायदा परकीय सरकारने छापखान्यांवर नजर ठेवण्यासाठी केला होता. तरीही त्यातून वाचकाच्या हाती एक गोष्ट आली : जबाबदार माणसाचे नाव आणि पत्ता. १ मार्च २०२४ पासून त्याची जागा नियतकालिकांच्या नोंदणीच्या नव्या कायद्याने घेतली आहे.

आता हीच माहिती वृत्तवाहिनीच्या पडद्यावर शोधून पाहा. रात्री नऊच्या चर्चेत एखाद्या माणसाला गुन्हेगार ठरवले गेले, तर जबाबदार कोण? निवेदक, संपादक, परवानाधारक कंपनी की केबलवाला? तक्रार दिल्लीतल्या मंत्रालयाकडे करायची, वाहिन्यांनी स्वतः नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्तींकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे की पोलिसांकडे? या प्रश्नांना आज उत्तरे आहेत, पण ती वेगवेगळ्या कायद्यांत, नियमांत आणि संहितांत विखुरलेली आहेत. ती एका जागी, मराठीत आणि नागरिकाच्या बाजूने मांडावीत, या गरजेतून हे पुस्तक झाले.

या क्षेत्राची रचना समजून घ्यायला एक उदाहरण पुरेसे आहे. एखाद्या लेखकाने एक संवाद लिहिला आहे. विषय जातीचा, भाषा रांगडी. तो पुस्तकात छापला तर छपाईपूर्वी कोणालाही दाखवावा लागत नाही. तोच संवाद महाराष्ट्रात रंगमंचावर बोलायचा, तर संहिता आधी राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, आणि या व्यवस्थेची मुळे पोलीस कायद्यातल्या नियमांत आहेत. चित्रपटात घ्यायचा, तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र हवे. दूरचित्रवाणी मालिकेत घेतला तर आधी तपासणी नाही, मात्र प्रसारणानंतर केबल कायद्याखालच्या कार्यक्रम संहितेचा भंग झाला का, हे पाहिले जाते. ओटीटीच्या वेबमालिकेत घेतला, तर वयोगटाचा शेरा ती दाखवणाऱ्या कंपनीनेच द्यायचा. शब्द तेच, ऐकणारी माणसेही बहुधा तीच, तरी पाच ठिकाणी पाच रीती. यामागे कुठले एक तत्त्व शोधू गेलो तर हाती काही लागत नाही. प्रत्येक माध्यम आले तेव्हा सत्ताधाऱ्यांना कशाची भीती वाटत होती, हे पाहिले की मात्र सगळा उलगडा होतो.

भीतीचा हा इतिहास आपल्या भागात फार जवळून घडला. १८७६ मध्ये नाट्यप्रयोग नियंत्रणाचा कायदा आला आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनचा देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा. दुसरा कायदा इंग्रजी पत्रांना लागू नव्हता. सरकारला धास्ती होती ती मराठी, बंगालीसारख्या देशी भाषा वाचणाऱ्यांची. लिटनचा कायदा लवकरच रद्द झाला, पण १९१० च्या कायद्याने छापखान्यांकडून अनामत घेण्याची आणि ती जप्त करण्याची सोय करून ठेवली. कृ. प्र. खाडिलकरांच्या 'कीचकवध'वर त्याच साली बंदी आली, कारण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता. चित्रपटांसाठी १९१८ चा कायदा झाला आणि १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून इथे सेन्सॉर मंडळे बसली. पुढच्याच वर्षी 'भक्त विदुर' या मूकपटावर काही ठिकाणी बंदी आली, कारण त्यातला विदुर गांधीजींसारखा दिसत होता. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज राजवट संपेपर्यंत मजकूर छापण्याआधी सेन्सॉरकडे पाठवावा लागे. स्वतंत्र भारताने या जुन्या चौकटींपैकी काही मोडल्या आणि काही तशाच वापरात ठेवल्या. कोणत्या ठेवल्या, त्यावर आजचे बरेच काही अवलंबून आहे.

वृत्तपत्रांच्या बाबतीत सुरुवात चांगली झाली. न्या. ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ मध्ये अहवाल दिला. त्याच्या शिफारशींतून १९५६ मध्ये वृत्तपत्र निबंधकांचे कार्यालय उभे राहिले आणि १९६५ च्या कायद्याने वृत्तपत्र परिषद आली. ४ जुलै १९६६ रोजी स्थापन झालेल्या या परिषदेचे पहिले अध्यक्ष न्या. ज. रा. मुधोळकर होते. कल्पना अशी की वृत्तपत्रांचे चुकले तर त्यांना खडसावायचे आणि सरकारने वृत्तपत्रांना छळले तर सरकारलाही खडसावायचे. ही दुहेरी जबाबदारी हे त्या परिषदेचे सर्वांत मोलाचे अंग आहे, असे मला वाटते. आणीबाणीत सरकारने ही परिषदच बरखास्त केली. त्या काळात सेन्सॉरच्या हुकमांना मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत 'फ्रीडम फर्स्ट' या नियतकालिकाचे मिनू मसानी होते. न्या. मदन आणि न्या. कानिया यांनी १९७६ च्या सुरुवातीला, ऐन आणीबाणीत, दिलेला निकाल आजही मुळातून वाचावा असा आहे. सरकारवर टीका आहे एवढ्यावरून मजकूर अडवण्याचा हक्क सेन्सॉरला मिळत नाही, हे त्यांनी त्यात स्पष्ट केले.

१९७८ च्या कायद्याने परिषद पुन्हा उभी राहिली. अध्यक्ष आणि २८ सदस्य. त्यांतले २० वृत्तपत्रसृष्टीतले, पाच खासदार, आणि उरलेले तीन साहित्य अकादमी, विद्यापीठ अनुदान आयोग व बार कौन्सिल यांनी सुचवलेले. अधिकार मात्र समज देणे, ताशेरे ओढणे, निषेध नोंदवणे एवढेच. दंड नाही, नुकसानभरपाई नाही. २००९ च्या निवडणुकांत, महाराष्ट्रातही, पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचे पेव फुटले, तेव्हा परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत शब्दन् शब्द सारखा मजकूर आल्याचे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. परिषदेच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने मेहनतीने सविस्तर अहवाल तयार केला. पण २०१० मध्ये परिषदेने स्वीकारला तो आटोपशीर, नावे गाळलेला मसुदा. पूर्ण अहवाल अधिकृतपणे लोकांसमोर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. ज्यांच्यावर आरोप आहेत त्यांचेच प्रतिनिधी निवाड्याला बसले की काय होते, हे समजून घ्यायला स्वनियमनाच्या अभ्यासकाने हे प्रकरण बारकाईने पाहावे.

चित्रपटांचा रस्ता वेगळा. १९५२ च्या कायद्याने पूर्वतपासणी कायम ठेवली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी आपल्या माहितीपटाच्या निमित्ताने तिला आव्हान दिले. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की चलच्चित्राचा मनावर होणारा परिणाम छापील शब्दापेक्षा तीव्र असतो, म्हणून आधी तपासणे घटनेला धरून आहे. तो युक्तिवाद त्या काळाला साजेसा होता. प्रत्येकाच्या खिशात पडदा असताना तो कितपत टिकतो, याची चर्चा व्हायला हवी. १९८३ मध्ये मंडळाच्या नावातून सेन्सॉर जाऊन प्रमाणन आले आणि त्याच सुमारास अपील न्यायाधिकरण स्थापन झाले. एप्रिल २०२१ मध्ये ते न्यायाधिकरण बंद झाले. छोट्या निर्मात्याला याचा फटका बसतो. पूर्वी तो न्यायाधिकरणापुढे कमी खर्चात दाद मागू शकत होता, आता थेट उच्च न्यायालयात वकील उभा करावा लागतो. प्रदर्शनाची तारीख ठरलेली, चित्रपटगृहे बोलून ठेवलेली आणि व्याज चढत चाललेले, अशा वेळी बहुतेक जण कात्री मान्य करतात. २०१६ मध्ये 'उडता पंजाब'चे निर्माते मुंबई उच्च न्यायालयात टिकले आणि एका छाटणीवर सुटले, कारण त्यांना ते परवडणारे होते. २०२३ च्या दुरुस्तीने यूए शेऱ्याचे सात, तेरा आणि सोळा असे वयोगट केले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. प्रमाणपत्र देणारे मंडळ कापाकापी करणारे राहू नये, या दिशेचे ते आहे.

नाटकाची गोष्ट मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंग यांनी न्यायालयात दिलेली झुंज हा आपल्या सांस्कृतिक इतिहासाचा भाग आहे. त्या झुंजीनंतरही मंडळ राहिले आणि संहिता मंजुरीची अटही राहिली. अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये या पूर्वतपासणीलाच उच्च न्यायालयात आव्हान दिले. ज्या राज्यात नाटकावर लोकांचा इतका जीव आहे, तिथे ही अट अजून उभी राहावी, याची खंत वाटते.

प्रसारणाकडे वळले की प्रश्नाचे स्वरूप बदलते. इथे एक निकाल मध्यवर्ती आहे. १९९३ मधल्या हीरो चषक क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि माहिती व नभोवाणी मंत्रालय यांच्यात वाद झाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत यांच्या लेखणीतून सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य निकाल आला. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारची नाही आणि भांडवलदाराचीही नाही. तिचे नियमन करण्यासाठी समाजातल्या सर्व हितसंबंधांचे प्रतिनिधित्व असलेली स्वायत्त संस्था तातडीने उभारा, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षी न्या. सावंत वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष झाले. प्रसार भारती १९९७ मध्ये आली, पण ती दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणारी संस्था, नियामक नव्हे. स्वतंत्र प्रसारण प्राधिकरणाचे १९९७ चे विधेयक लोकसभा विसर्जित झाल्याने बारगळले, नंतरचे प्रयत्नही पूर्णत्वाला गेले नाहीत. २००४ मध्ये केबल आणि प्रसारणाचा आर्थिक भाग दूरसंचार नियामकाकडे, म्हणजे ट्रायकडे, सोपवला गेला. महिन्याचे केबलचे बिल किती यावे, वाहिन्यांचे पॅकेज कसे असावे, हे ट्राय पाहते. आशयाची बाजू मंत्रालयाच्या हातात राहिली. तीस वर्षे उलटली तरी त्या निकालातली स्वायत्त संस्था अस्तित्वात नाही. मला या सगळ्या विषयातली सर्वांत मोठी उणीव हीच वाटते.

ती पोकळी वाहिन्यांनी स्वनियमनाने भरली. २००८ मध्ये न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली वृत्तवाहिन्यांचे तक्रार प्राधिकरण सुरू झाले, २०११ मध्ये मनोरंजन वाहिन्यांसाठी न्या. अजित प्रकाश शहा यांच्या नेतृत्वाखाली दुसरे. या संस्थांनी काही चांगले आदेश दिले आहेत. पण २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत काय झाले ते आठवावे. ताज आणि ओबेरॉयच्या बाहेरून कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या जात होत्या आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार त्या पाहून सूचना देत होते. कसाबच्या अपिलाच्या निकालात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वार्तांकनावर कठोर शब्दांत टीका केली. स्वनियमन तोवर आले होते आणि तरीही ते दृश्य थांबले नव्हते. वृत्तवाहिन्यांच्या प्राधिकरणाच्या दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारले की जी वाहिनी एका कार्यक्रमातून त्याच्या कितीतरी पट कमावते, तिला याचा धाक कसा वाटावा? शिवाय एखादी वाहिनी एका संघटनेतून बाहेर पडून दुसऱ्या संघटनेत जाऊ शकते, हा मुद्दा उरतोच.

रेडिओच्या वाट्याला एक वेगळेच बंधन आले आहे. खाजगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचे बातमीपत्र आहे तसे लावता येते. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना यांना मात्र बातमी मानले जात नाही. म्हणजे पाणी कधी येणार हे सांगता येते, ते का आले नाही हे नगरपालिकेला विचारून सांगायचे म्हटले तर बातमी होते. साताऱ्याच्या म्हसवडमध्ये 'माणदेशी तरंग वाहिनी'सारखे सामुदायिक केंद्र दुष्काळी भागातल्या बायकांचा आवाज झाले. अशा केंद्रांना गावच्या कारभाराच्या बातम्या देता याव्यात, ही मागणी मला रास्त वाटते.

जाहिरातींचे काम थोडक्यात सांगता येते. १९८५ मध्ये मुंबईत उद्योगाने स्वतःच जाहिरात मानक परिषद स्थापन केली. तिची संहिता पुढे केबल नियमांत घेतली गेली, त्यामुळे तिला कायद्याचा आधार मिळाला. २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दंडही करू शकते. उद्योगाची संहिता आणि कायद्याची सक्ती यांचे असे मिश्रण इतर क्षेत्रांनीही अभ्यासावे.

डिजिटल माध्यमांचा अध्याय अजून लिहिला जातो आहे आणि त्यातली बरीच पाने मुंबई उच्च न्यायालयात लिहिली गेली. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने ती लिहिली होती, दुसरीने लाईक केली होती. त्यातून पेटलेल्या वादाचा शेवट २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द होण्यात झाला. २०२१ च्या नियमांनी ओटीटी आणि डिजिटल बातम्यांसाठी तीन पायऱ्या आखल्या : प्रकाशकाचा तक्रार अधिकारी, स्वनियमन संस्था, आणि सर्वांत वर सरकारी समिती. निखिल वागळे आणि एका कायदेविषयक संकेतस्थळाच्या याचिकांवर उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये त्यातल्या कळीच्या तरतुदी स्थगित केल्या. सरकारी कारभाराविषयीची माहिती खोटी की खरी हे सरकारच्याच कक्षाने ठरवण्याची २०२३ ची दुरुस्ती याच न्यायालयात आली. दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले, तिसरे न्या. अ. श. चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी कौल दिला आणि ती तरतूद घटनाबाह्य ठरली.

या सगळ्यातून विचारांचे तीन प्रवाह दिसतात. पहिला संरक्षकाचा : प्रेक्षक भोळा, म्हणून आधी तपासा. दुसरा व्यवसायाचा : आमचे आम्ही पाहू, सरकारने लांब राहावे. तिसरा सार्वजनिक मालमत्तेचा : लहरी लोकांच्या, म्हणून नियामक लोकांना उत्तरदायी. जगातही हेच तीन सूर आहेत. ब्रिटनने प्रसारणासाठी ऑफकॉम हा कायदेशीर नियामक नेमला, पण वृत्तपत्रे स्वनियमनावर ठेवली. फोन हॅकिंग प्रकरणानंतरच्या लेव्हसन चौकशीने त्या स्वनियमनाचे अपयश उघड केले. अमेरिकेत छापील शब्दाला जवळजवळ संपूर्ण मोकळीक, तर रेडिओ-टीव्हीला परवान्याच्या अटी. माझा कल तिसऱ्या प्रवाहाकडे आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. मात्र नियामकाची नेमणूक मंत्रालय करणार, पैसा मंत्रालय देणार आणि अखेरचा शब्दही मंत्रालयाचा, अशी रचना झाली तर पहिल्या प्रवाहाकडेच परत जावे लागेल. म्हणून प्रत्येक संस्थेला आम्ही तीन प्रश्न विचारले आहेत : नेमणूक कोण करतो, खर्च कोण करतो, आणि तक्रारदाराच्या हाती शेवटी काय पडते.

हे आत्ताच विचारण्याची निकड आहे. प्रसारण सेवांच्या नव्या विधेयकाचा मसुदा २०२३ मध्ये आला. पुढच्या वर्षी सुधारित मसुदा काही निवडक लोकांना दिला गेला आणि टीकेनंतर मागे घेतला गेला. यूट्यूबवर एकट्याने बातम्या सांगणाऱ्या पत्रकारांना मोठ्या प्रसारकांच्या नियमांत बसवले जाईल, ही धास्ती त्या चर्चेत मुख्य होती. दुसरीकडे मालकी आकसते आहे. एकाच मालकाकडे वृत्तपत्र, वाहिनी आणि वितरण किती असावे याविषयी ट्रायने २०१४ मध्ये शिफारशी केल्या. त्यांवर कायदा झाला नाही. २०२४ मध्ये देशातले दोन मोठे मनोरंजन समूह एकत्र आले, तेव्हा छाननी स्पर्धा आयोगाने केली, म्हणजे बाजाराच्या दृष्टीने. मतांच्या विविधतेचे काय, हे विचारण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेकडे नव्हता.

हे पुस्तक कायद्याचे पाठ्यपुस्तक नाही. पत्रकारितेचे विद्यार्थी, जिल्हा पातळीवरचे बातमीदार, नाटक-चित्रपटाच्या संस्था आणि ज्यांना एखाद्या दिवशी तक्रार करावी लागेल असे सामान्य वाचक, यांच्यासाठी ते आहे. कलमे आवश्यक तेवढीच दिली आहेत. भर आहे तो संस्था कशा चालतात, कुठे अडतात आणि कोणाच्या दबावाखाली वाकतात यावर. समाजमाध्यमांच्या जागतिक कंपन्यांचे अंतर्गत नियम इतक्या झपाट्याने बदलतात की त्यांचा तपशील आम्ही टाळला. त्यांना स्वतंत्र पुस्तक लागेल. शेवटच्या भागात मराठी अर्जांचे नमुने आहेत. ते वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. वृत्तपत्राविरुद्ध परिषदेकडे जाण्यापूर्वी संपादकाला लेखी कळवून त्याचे उत्तर मागावे लागते, आणि दैनिक-साप्ताहिकांच्या बाबतीत तक्रारीची मुदत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांची असते. वृत्तवाहिनीच्या तक्रारीला याहून खूपच कमी अवधी मिळतो. म्हणून कार्यक्रमाचे नाव, तारीख आणि वेळ त्याच रात्री लिहून ठेवावी.